काबार म्हणायचं नाही

आमच्या वाड्यावर प्रत्येक घरासमोर चिऱ्यांची एक रास असते. कुणी न्हाणीसाठी आणलेले, कुणी गोठ्यासाठी, कुणी कशासाठी आणले तेच विसरलेला. त्यांवर शेवाळ चढतं, मांजरी वितात, पोरं बसून अभ्यास करतात, पण रास हलत नाही. किस्स्यांचंही आमच्याकडे तसंच आहे. रचून पडलेत. म्हटलं, त्यातले चारदोन आज उचलावेत.

डिचोलीच्या बाजारातून निघालात की खाणीचे ट्रक जिथे वळतात, त्या चढावर आमचा वाडा. गोवा राज्य झालं त्या सुमाराला आम्ही सगळे इथे आलो. कुणी दोडामार्गातून ट्रकवर ड्रायव्हर म्हणून, कुणी पेडण्यातून गवंडीकामाला. मी वीजखात्यात लाइनमन. जमिनीचे तुकडे घेतले आणि घरं सुरू केली. ‘सुरू केली’ एवढंच खरं. कुणाच्या भिंतीला प्लास्टर नाही, कुणाच्या जनेलांना, म्हणजे खिडक्यांना, झडपा नाहीत. खालच्या गावातले लोक आम्हाला ‘अर्धवट वाडा’ म्हणायला लागले. पुढे पुढे बसचा कंडक्टरही ओरडायचा, “अर्धवट वाडेकार, देंवा!” आम्हीही उतरायचो, मान वर करून. तुमची घरं पुरी झालीत ना? मग बसा त्यांच्याकडे बघत!

रविवार, म्हणजे आमचा आयतार, हा बांधकामाचा दिवस. एका आयतारी एकाच्या घराचं काम, बाकीचे सगळे हाताला. मजुरी नाही. दुपारी जेवण, संध्याकाळी च्या आणि उंडे, आमचे गोल पाव. कामाचा मुख्य बाबल मेस्त. पेडण्याचा गवंडी, काडीसारखा माणूस, कानावर पेन्सिल आणि तोंडात न पेटवलेली विडी. त्याचा एकच नियम: कामावर ‘काबार’ म्हणायचं नाही. काबार म्हणजे संपलं. आमच्याकडे बाजार काबार होतो, पेजेचा तांदूळ काबार होतो आणि माणूसही काबार होतो. म्हणून मेस्त प्रत्येक घरात वीतभर जागा प्लास्टर न करता सोडतो. माझ्या घरात ती देव्हाऱ्याच्या वर आहे. माझ्या बायकोने एकदा विचारलं, हे कधी होणार? मेस्त म्हणाला, “ती जागा माजी. थंय हात लावचो नाय.”

*

कदम मास्तर घाटावरचे. खालच्या शाळेत मराठी शिकवायला आले आणि आमच्यातच घर बांधायला लागले. माणूस सज्जन, पण बोलणं सगळं छापील.

पावसाच्या आधी त्यांच्या छपराला नळे, म्हणजे कौलं, लावायचे होते. अर्धं छप्पर झालं, जेवणं झाली. तेवढ्यात मास्तर उभे राहिले, घसा साफ केला आणि म्हणाले, आपण सर्वांनी जे अमूल्य सहकार्य केले त्याबद्दल मी आपणां सर्वांचे मनःपूर्वक आभार मानतो. मग प्रत्येकाच्या हातात एकेक नारळ आणि गुलाबाचं फूल दिलं.

मेस्ताने नारळ घेतला, ओळंबा पिशवीत टाकला आणि चपला शोधायला लागला. त्याच्यामागे आम्ही सगळेच उठलो. मास्तरांना वाटलं, मंडळी पान खायला चालली. संध्याकाळ झाली तरी कुणी परतलं नाही, आणि अर्धं घर उघडं ते उघडंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर मेस्ताच्या दारात. आपलं काही चुकलं का, असं अगदी काकुळतीने विचारलं. मेस्त शांतपणे म्हणाला, “आभार जाले मरे, मास्तर. आभारांच्या मागसून कोण रवता?”

बरोबरच होतं त्याचं! आयुष्यभर आम्ही शाळेच्या गॅदरिंगला आणि नाटकाच्या आधीच्या भाषणांना बसलोय. आभारप्रदर्शन म्हटलं की लोक चपला शोधतात. पुढच्या आयतारी राहिलेलं छप्पर झालं. या वेळी मास्तर काहीच बोलले नाहीत. फक्त च्याचे कप गोळा करताना, फुडल्या आयतारा येतास मरे, एवढंच विचारलं. त्या वर्षी त्यांनी शाळेच्या कार्यक्रमातून आभाराचा आयटमच काढून टाकला. हेडमास्तरांनी कारण विचारलं तर म्हणाले, त्याने लोक उठून जातात.

*

आमच्या वाड्याला खरं नाव नव्हतं. पाटी लावायची ठरली तेव्हा मराठी की कोंकणी हे भाषेचं भांडण गोव्यात नुकतंच होऊन गेलेलं, माणसं अजून गरमच होती. नवा वाडा म्हणावं यावर सगळ्यांचं एकमत झालं आणि तिथेच घोडं अडलं. नवा वाडा, की नवो वाडो? दोन गट पडले. गंमत म्हणजे दोन्ही गट एकाच बोलीत भांडत होते, आणि शिव्याही दोघांच्या त्याच.

पाटी रंगवायचं काम सदा ड्रायव्हरकडे. तो स्वतःच्या ट्रकवर मोर आणि कमळं काढतो, अक्षर झकास. त्याने दुपारी झाडाखाली बसून लिहिलं, ‘नवा वाडा’. लगेच कोंकणीवाले आले. वाचून म्हणाले, मात्रा खंय? सदाने ब्रश पुसला आणि सांगितलं, “रंग सोपलो. मात्रा मागीर दितंय.”

ते समाधानाने गेले. पाटी अर्धवट आहे, मात्रा यायच्या आहेत. मराठीवाले आले, त्यांनी वाचली, तेही समाधानाने गेले. पाटी पुरी झालेली आहे! त्यानंतर सदाचा ट्रक कितीदा रंगून निघाला, मोराची पिसं वाढली, पण मात्रांना रंग काही मिळालेला नाही. वाड्यावर त्या पाटीवरून पुन्हा भांडण झालं नाही.

*

याच सदाच्या घराला दार नव्हतं. म्हणजे सागवानी दार करायचं होतं, तोवर काहीतरी म्हणून त्याने भंगारात निघालेल्या ट्रकचा मागचा फाळका बिजागऱ्या लावून बसवला. त्यावर जुनी अक्षरं तशीच होती: ‘हॉर्न द्या’.

सदाच्या थोरलीला बघायला वाळपईकडचे पाहुणे आले. सदाची बायको कमळ आधीच रडकुंडीला आलेली. पाहुणे हे दार बघून काय म्हणतील, म्हणून तिने त्यावर चादर टांगली होती. चादर नेमकी वाऱ्याने पडली. पाहुण्यांत मुलाचा मामा पुढे होता, पोट सुटलेला, गंभीर चेहऱ्याचा. त्याने दारावरचं नीट वाचलं, दोन पावलं मागे सरला, तोंडाशी हात धरला आणि असा काही हॉर्न वाजवला की मागच्या दारी कोंबड्या उडाल्या. मामाचा जन्म ट्रकवरच गेला होता! तिथेच लग्न ठरलं.

जावई नंतर दार करून द्यायला निघाला होता. सदाने साफ नकार दिला. “ह्या दारान माका जावय दिलो, तेका काडू कसो?” दसऱ्याला ट्रकला हार घालतो तसा तो आजही आधी दाराला घालतो.

*

माझ्याकडे बोट दाखवायच्या आत मीच सांगतो. सगळ्या तालुक्याला उजेड देणारा मी, माझ्या न्हाणीचा स्विच स्वयंपाकघरात आहे. घर बांधताना वायर कमी पडली, तात्पुरता तिथे जोडला. तो तिथेच आहे. आत जाणाऱ्याने “लाइट!” म्हणून हाक मारायची आणि चुलीपाशी असेल त्याने बटण दाबायचं, अशी आमची पद्धत.

एकदा माझी पुण्याची आतेबहीण आली. तिचा फ्लॅट म्हणजे सगळं कसं जागच्या जागी. तिने हा कारभार पाहिला आणि नाक मुरडून म्हणाली, लाजबीज नाही वाटत? माझी बायको भाजी परतत होती. ती म्हणाली, “वन्सं, आमच्याकडे आत गेलेल्या माणसाची कुणाला तरी खबर असते.” न्हाणीत जाताना आतेबहिणीने स्वतःच “लाइट!” म्हणून हाक मारली. तिची स्वतःची आई न्हाणीत घसरून तासभर पडून होती, घर माणसांनी भरलेलं असताना.

मी स्विच हलवायचा विचार तेव्हापासून सोडून दिला.

*

आणि आता इंदूवयनीची पडवी.

इंदूवयनी म्हणजे वाड्यावरचं पहिलं घर, चढाच्या अगदी खाली. तिचा नवरा, ज्याला आम्ही सगळे भाऊ म्हणायचो, सगळ्यांत आधी इथे आला होता. घराच्या तीन खोल्या झाल्या, पडवीचा पाया घातला आणि भाऊ छातीच्या दुखण्याने गेला. वयनीने शेणाच्या पाट्या वाहिल्या, लोकांची शेतं लावली, मुलाला शिकवलं. पडवी मात्र आम्ही अंगावर घेतली. इतरांचं काम नसेल तो प्रत्येक आयतार वयनीच्या पडवीचा.

वयनीच्या तोंडून कधी गोड शब्द ऐकलेला मला आठवत नाही. आम्ही दिसलो की, परत आयलास, तुमका घरदार आसा काय नाय, म्हणून सुरुवात. पण दुपारी पानावर बसलो की तिसऱ्यांदा वाढलेला भात नको म्हणायची कुणाची हिंमत नसायची. आणि निघताना ती हमखास कुठेतरी बोट दाखवायची. ही ओळ वाकडी आहे, तो कोपरा नीट नाही. मेस्त मान डोलवायचा. पुढच्या आयतारी काम पुन्हा सुरू.

तिचा मुलगा प्रकाश वास्कोला नोकरीला लागला. तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. पोरगा चांगला, आईवर जीव आहे त्याचा. एकटी राहतेस, काही झालं तर कोण बघणार, चल माझ्याकडे, म्हणून मागे लागला. वयनीला नाही म्हणवेना. मग एके दिवशी आम्हा सगळ्यांदेखत तिने शब्द दिला, “पडवी जाली काय येतंय.”

पडवी झाली की आई येणार, म्हणून प्रकाश खूश झाला. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. त्या दिवसापासून पडवीचं काम असं चाललं की विचारू नका! दोन थर चढवायचे, एक उतरवायचा. मेस्त ओळंबा सोडायचा, डोळा बारीक करायचा आणि चांगली सरळ भिंत वाकडी ठरवायचा. सदा वाळू आणायला जायचा तो संध्याकाळी यायचा. वयनी च्या ओतताना शिव्या घालायची, पण उंडे आता प्रत्येकाला दोन दोन मिळायला लागले.

प्रकाश काही खुळा नव्हता. एका सोमवारी, आम्ही सगळे आपापल्या कामावर असताना, म्हापशाहून कंत्राटदार आला. सोबत माणसं, मिक्सर, गुळगुळीत लाद्या. पंधरवड्यात पडवी उभी. प्लास्टर, फिका गुलाबी रंग, लोखंडी ग्रील. मधल्या आयतारी आम्ही गेलो तर कंत्राटदाराच्या माणसांनी आम्हाला बाजूला उभं राहायला सांगितलं.

त्यापुढच्या आयतारी आम्ही सवयीने हत्यारं घेऊन गेलो. करायला काही नव्हतं. मेस्ताने सगळ्या भिंतींवरून हात फिरवला. वीतभरसुद्धा जागा राहिलेली नव्हती. प्रकाशने आम्हाला खुर्च्यांवर बसवलं, काचेच्या ग्लासातून थंड सरबत दिलं. मग सगळ्यांसमोर हात जोडून उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले होते, खोटं नाही सांगत. म्हणाला, “तुमी सगळ्यांनी माज्या आवशीक सांबाळल्यात. तुमचे आभार कशे मानू?”

आम्ही ग्लास खाली ठेवले. कदम मास्तर सगळ्यांत आधी उठले आणि चपला शोधायला लागले. वयनी दारात उभी होती.  या वेळी तिने कुठे वाकडी ओळ दाखवली नाही. चढ चढताना मेस्ताने तोंडातली विडी पहिल्यांदाच पेटवली.

तिला न्यायला जीप आली तोही आयतारच. आम्ही सगळे आपापल्या दारात, चिऱ्यांच्या राशींवर, उगाच काहीतरी करत बसलो होतो. खाली सगळं दिसत होतं. जीपमध्ये दोन ट्रंका गेल्या, तुळशीचं रोप गेलं. वयनी नवं लुगडं नेसून पडवीत बसली होती, जागची उठत नव्हती. प्रकाशने कुलूप हातात घेतलं आणि तिला म्हणाला, “आये, चल आता. घर काबार जाला.”

वयनी उठली. गेली ती जीपकडे नाही, घराच्या मागे. परत आली तेव्हा तिच्या हातात भाऊचा घण होता. पदर खोचला आणि पडवीच्या गुलाबी भिंतीवर पहिला घाव घातला. प्लास्टर खळ्ळकन खाली आलं. ड्रायव्हर जीपमधून उडी मारून बाहेर. प्रकाश, आये, ह्या काय करतंस, म्हणत धावला, पण तिच्याजवळ जायची त्याची छाती होईना. घाव पडत राहिले. शेवटी वरच्या थरातला एक अख्खा चिरा बाहेर येऊन अंगणात लोळला.

तिने घण टेकवला, कपाळावरचा घाम पुसला आणि चढाकडे तोंड करून हाक मारली.

“मेस्ता! पडवी मोडली मरे माजी!”

बाबल मेस्त आधीच उतरायला लागला होता. पिशवी खांद्याला होती. तो आला, भोकासमोर उभा राहिला, ओळंबा काढून सोडला, एक डोळा मिटून बराच वेळ बघत राहिला. मग कानावरची पेन्सिल काढली.

“वयनी,” तो म्हणाला, “ह्या एका आयताराचा काम नाय.”