दर चार मात्रांनी ढण्ण

आधीच हसू नका हं! चहा संपेपर्यंत तरी थांबा. ही फजिती आठवली की माझं डोकं अजून तापतं.

प्रशांत माझा कॉलेजातला मित्र, हैदराबादला असतो. त्यानं एक छोटी फिल्म केली. म्हणाला, "तुझी ती समुद्रवाली गिटार पाठव. रविवारी सहाच्या आत. पडद्यावर नाव देतो."

समुद्रवाली म्हणजे सर्फ गिटार. लाटांवर फळी घेऊन धावणाऱ्या पोरांचं संगीत. आता आमच्या आदिलाबादेत समुद्र कुठला? पण पडद्यावर नाव येणार म्हटल्यावर मी ऑफिसात शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना सांगून मोकळा झालो!

ही गिटार भिजल्यासारखी वाजायला हवी. त्यासाठी तिचा आवाज स्प्रिंगच्या एका डब्यातून काढतात. तो डबा मी टेबलावर ठेवला. खोली घुमू नये म्हणून घरातल्या गाद्या-रजया भिंतींना ठोकल्या. सगळ्या!

"अवो, अन् थंडीत आमी काय पांघरावं? गिटार?" बायको कडाडली. आणि तिनं सरळ पिंजारी चाचांना बोलावून अंगणात बसवलं, नव्या रजया भरायला. हल्ली सगळे मशीनवर कापूस पिंजतात, पण चाचा अजून तार ढणढणवत धनुकलीच वापरतात.

मी रेकॉर्डिंग लावलं, वाजवलं, ऐकलं. दर चार मात्रांनी ढण्ण!

धनुकली! दुसरं काय असणार? तळपायाची आग मस्तकात गेली. मिक्सिंगमध्ये खालचे सूर कापले, ढण्ण तसाच. वरचे कापले, तर गिटारच गेली! पुन्हा वाजवलं. पुन्हा ढण्ण, आधीपेक्षा मोठा!

खिडकी उघडून ओरडलो, "चाचा, बंद करो वो! मेरी इज्जत का सवाल है, और तुम ढण्ण ढण्ण लगा के बैठे!"

"साब, मैं तो चाय पी रा हूँ."

"मंग कुटून कोन राह्यलं?" मी बायकोवर घसरलो.

"मी मेथी निवडून राह्यली. मेथी वाजते का?"

मग शेजारी! शेजारच्या तेलुगू मास्तरांकडे मिरच्या कुटणं चाललं होतं. भिंतीवरून ओरडलो, "मास्तारू, आपंडी!" ते बिचारे घाबरून थांबले. समोरच्यांनी पाण्याची मोटर बंद केली. आख्खी गल्ली चिडीचूप. मी दात-ओठ खात वाजवलं.

ढण्ण!! या वेळी तर डबाच टेबलावर उडाला.

साडेपाच झाले होते.  तमाशा बघायला दारात बायको, मास्तर, चाचा, सगळे गोळा झाले. चाचांनी मान वाकडी करून नीट ऐकलं. आयुष्य धनुकलीच्या तारेवर गेलेला माणूस तो!

"साब, फिर बजाओ. अब पाँव उठा के."

पाँव? पायाचा काय संबंध? पण उचलला. वाजवलं. ढण्ण गायब!

मी बारा वर्षं भजनी मंडळात टाळ वाजवलेत. समेवर पाय आपटल्याशिवाय माझा हातच चालत नाही. आपटत होतो टेबलाच्या आडव्या दांडीवर, टेबलावर डबा, डब्यात स्प्रिंगा. आणि राग जितका चढे, तितका पाय जोरात!

"काखेत कळसा न् गावाले वळसा म्हन्तेत," बायको म्हणाली, "तुमचा कळसा तं पायात निघाला!"

 मी खुर्चीत मांडी घातली आणि वाजवलं. काय सुरेख झालं म्हणून सांगू! सहाला दोन मिनिटं कमी. कॉम्प्युटरवर 'फायनल', 'फायनल दोन', 'खरंच फायनल', अशी रांग लागलेली. घाईत एकावर बोट दाबलं आणि पाठवलं.

आठवड्यानं प्रशांतचा फोन, "अरे, भन्नाट! जसंच्या तसं घेतलंय!"

मग काय! ऑफिस बोलावलं, गल्ली बोलावली, चाचांना तर पुढच्या खुर्चीत बसवलं. टीव्हीवर फिल्म लावली. गिटारीचा पत्ता नाही! पडद्यावर एक बंद खिडकी दिसली आणि मागून माझा आवाज आला, "चाचा, बंद करो वो!" मागोमाग मेथी, मागोमाग मास्तारू. ओरडताना माईक चालूच होता ना!

शेवटी माझं नाव मात्र आलं, खोटं कशाला बोलू? फक्त संगीताखाली नाही. कलाकारांत, सगळ्यात खाली, 'भांडकुदळ शेजारी' म्हणून.