बादलीत थुंकलेली वाईन

बुडबुड्यांच्या वाईनची बाटली उघडताना आवाज होता कामा नये, हा माझा पहिला धडा. बूच अंगठ्यानं घट्ट धरायचं आणि बूच न फिरवता खालून बाटली हळूहळू फिरवायची. मग ती नुसता सुस्कारा सोडते. मी पहिल्याच दिवशी बूच उडवलं, ते छताला लागलं आणि मॅडमच्या साडीवर फेस सांडला. मला वाटलं, सगळे टाळ्या वाजवतील. लग्नाच्या व्हिडिओत तर वाजवतात.

मॅडम म्हणजे मला वाईन शिकवणाऱ्या बाई, मूळच्या पुण्याच्या. कसारा घाट चढून गेलं की नाशिकच्या अलीकडे द्राक्षांचे मळे लागतात. तिथल्या एका वायनरीत मी पाहुण्यांना हिंडवून वाईन चाखायला देते. घर मात्र घाटाखाली, कसाऱ्याजवळच्या गावात. शनिवार-रविवार आमच्याकडे गर्दी, म्हणून माझी सुट्टी मंगळवारी. सोमवारी संध्याकाळी जीपनं घाट उतरायचा आणि बुधवारी सकाळी पुन्हा चढायचा, असं दहा वर्षं चाललंय.

नोकरी लागल्याचं आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सांगितलं तेव्हा ते भाकरी खात होते. हातातला तुकडा त्यांनी ताटात ठेवला. आमचं घर बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली त्या दिवशी घरातलं दारूचं मडकं अंगणात आणून फोडलं होतं, आणि ती गोष्ट आम्ही भावंडं पाठ्यपुस्तकातल्या धड्यासारखी ऐकत वाढलो. मद्य न घेणं हे पाचवं शील. आप्पांनी ते जन्मभर पाळलं.

"मी एक घोटही गिळणार नाय," मी म्हणाले. "चाखून थुंकायचं असतं. तिथं सगळेच थुंकतात."

"ताडीच्या झाडाखाली बसून दूध प्यालं तरी लोक ताडीच म्हणतात, बाय," आप्पा म्हणाले आणि हात धुवायला उठले. त्यावर आमचं पुढं बोलणं झालं नाही. आठ वर्षं झालं नाही.

मी मात्र शब्द पाळला. चाखण्याच्या टेबलावर थुंकायला स्टीलची छोटी बादली असते, ती माझी पक्की मैत्रीण झाली. पण शिकणं काही जमेना. मॅडम विचारायच्या, "कसला वास येतो?" बाकीची मुलं बदाम, हिरवं सफरचंद, कसल्याशा परदेशी पावाची नावं घ्यायची. मी तो पाव कधी पाहिलाही नव्हता. नाकानं कांदे सोलणारी ती मंडळी बघून मला राग यायचा आणि आपल्याला काहीच येत नाही याची लाजही वाटायची. शेवटी एकदा वैतागून म्हणाले, "तांदळाच्या भाकरीचा पापुद्रा तव्यावर जरा जास्त भाजला की येतो ना, तो वास." सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी ग्लास पुन्हा नाकाशी नेला आणि म्हणाल्या, "अगदी तोच." बाटलीत साखर आणि खमीर घालून ती बंद करतात, आतल्या आत पुन्हा आंबवतात आणि मग महिनोन्महिने तळघरात आडवी ठेवतात. बुडबुडे आणि तो भाजका वास दोन्ही तिथं तयार होतात, हे मला त्या दिवशी नीट कळलं.

वास जमला, पण माझा खरा जोर कानावर. ग्लास कानाशी धरला की वाईन बोलते. चांगली मुरलेली असेल तर आवाज बारीक आणि एकसारखा येतो, नाहीतर तडतड करून लवकर गप्प होते. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. किंवा शिकवलं होतं, पण वायनरीत नाही.

आप्पा रेल्वेत कीमन होते. रूळ ज्या लोखंडी चाव्यांनी आवळलेले असतात, त्या तपासत रोज घाटातून चालायचं, हे त्यांचं काम. हातोडा मारायचा आणि ऐकायचं. घट्ट चावी टण्ण वाजते, सैल चावी भद्द. लहानपणी मी गावातल्या हापशाच्या दांड्यावर, खाटेच्या पायावर, शाळेच्या घंटेवर दगड मारून त्यांना विचारायचे, "आप्पा, घट्ट का सैल?" ते डोळे मिटून उत्तर द्यायचे आणि कधी चुकायचे नाहीत. म्हणून ग्लास कानाशी धरला की मला हटकून वाटायचं, हे आप्पांना ऐकवायला हवं. बाकी काही नको, फक्त हा आवाज. पण ज्या माणसाच्या शेजारी बसण्याआधी मी सुट्टीला घरी आल्यावर डोक्यावरून आंघोळ करायचे, त्याच्या कानाशी वाईनचा ग्लास कसा न्यायचा?

मॅडमना माझं सगळं ठाऊक होतं. एकदा त्या म्हणाल्या, "तू चांगली शिकलीस. पण वाईनचा शेवट गिळल्यावर कळतो. घशाखाली गेल्यावर चव किती रेंगाळते, ते थुंकणाऱ्याला पुरतं कळत नाही."

"माझं शेवटावाचून काही अडत नाही," मी म्हणाले. अडत होतं.

आठव्या वर्षी, वैशाखातल्या पौर्णिमेला आप्पा नाशिकच्या लेण्यांवर वंदनेला गेले होते. परत येताना न कळवता वायनरीत आले. पांढरा सदरा, पांढरं धोतर, हातात छत्री. मी पाहुण्यांसमोर उभी होते. ते मागच्या बाकावर बसले आणि तासभर बघत राहिले. मी सहा वाईन चाखल्या, सहा वेळा बादलीत थुंकले. 

पाहुणे गेले. आप्पा टेबलापाशी आले आणि त्यांनी बादलीत वाकून बघितलं.

"मला वाटलं, पितेस," ते म्हणाले.

"आठ वर्षं तुमाला हेच वाटत होतं?"

"हां."

मला इतका राग आला की रडू तेवढं फुटायचं राहिलं. मी दोन ग्लास भरले आणि त्यांच्यासमोर ठेवले. "पिऊ नका. ऐका."

त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे. मग डोळे मिटून पहिला ग्लास कानाशी धरला, नंतर दुसरा. परत पहिला. मी शाळेत निकालाच्या दिवशी उभी राहायचे तशी उभी होते.

"ह्यो घाई करतो," ते म्हणाले. "आणि ह्यो मुरलेला हाय. ह्याची चावी सैल नाय."

दुसरी वाईन चार वर्षं तळघरात होती, पहिली चार महिने टाकीत. मी तसं सांगितलं, तर आप्पा चक्क लाजले.

निघताना फाटकापाशी ते थांबले. "शील ज्याचं त्यानं घ्यायचं असतं गो. माझं मी घेतलं, तुझं तू बघ. प्यायची तर पी, नको तर नको पिऊ. पण माझ्यासाठी थुंकू नको."

त्यानंतरचं वर्ष माझ्या आयुष्यातलं सगळ्यात गोड. सुट्टीला घरी गेलं की आप्पा विचारायचे, "नवीन कायतरी ऐकलंस?" मग हळूच, "अजून थुंकतेस?" मी म्हणायचे, "अजून." ते मान हलवून हसायचे. त्यांना बरं वाटायचं की वाईट, ते मी विचारलं नाही. पुष्कळ वेळ आहे असं वाटत होतं. पुढच्या थंडीत, दुपारी ओट्यावर बसल्या बसल्या, ते गेले.

वर्षभरानं एका सुट्टीला मी त्याच मुरलेल्या वाईनची बाटली घाटाखाली आणली. उंबरठ्याच्या आत नेली नाही. ओट्यावर बसून आवाज न करता उघडली. ग्लास आधी कानाशी धरला, मग घोट घेतला. सवयीनं हात बादलीकडे गेला. बादली नव्हती. मी गिळला.

मला आवडली. खूप आवडली. भाजक्या भाकरीची चव घशात किती तरी वेळ राहिली. मॅडमचं खरं होतं. इतकी वर्षं मी पाहुण्यांना जे सांगत आले, ते अर्धंच होतं. पण चव ओसरली तसं मला भरून आलं, कारण दिवसातून वीस-पंचवीस वेळा बादलीवर वाकताना मला आप्पा आठवत होते, आणि गिळताना ते कुठंच आले नाहीत. उरलेली बाटली मी अंगणात, आजोबांनी मडकं फोडलं होतं त्या बाजूला ओतली. माती जरा वेळ फसफसली.

बुधवारी सकाळी घाट चढले. पाहुणे वाट बघत होते. पहिला ग्लास भरला, ऐकला, घोट घेतला, तोंडात फिरवला आणि बादलीत थुंकला. माझ्यासाठी थुंकू नको, असं आप्पा म्हणाले होते. त्यांचं एवढं एकच मी ऐकत नाही.