मृदंगाच्या वेळचे वडे

राग आला की मी बोलून मोकळी होते. माझी मैत्रीण सुप्रभा, तिचं तसं नाही. ती गप्प बसते आणि कणीक तिंबत राहते.

पस्तीस वर्षं ही लंडनच्या हॅरोत. नवरा शशी, इथला फॅमिली डॉक्टर, आता रिटायर्ड. हॉस्पिटलातल्या एका तमिळ डॉक्टरच्या नादानं भाऊजी तिशीत मृदंग शिकले, आणि इथल्या कर्नाटक संगीताच्या सीझनला दर ऑक्टोबरात एका संध्याकाळी साथीला बसायला लागले. सुप्रभाला त्यातलं ओ की ठो कळत नाही. ती शाळेच्या हॉलमागच्या किचनमध्ये बटाटेवडे तळते, मी हाताखाली. इडली-डोशावर वाढलेली ही मंडळी त्या वड्यांवर अशी तुटून पडतात, की ती गाण्याला येतात का खाण्याला, हे त्यांनाच ठाऊक.

आणि उठतात कधी? गाणारी थांबते आणि मृदंगवाला एकटा वाजवतो, त्याला तनी म्हणतात, नेमकं तेव्हा! कांजीवरमं सावरत सगळा हॉल बाहेर. तशी रीतच आहे म्हणे. म्हणजे वीस वर्षं भाऊजी आपली सगळी विद्या रिकाम्या खुर्च्यांना ऐकवतायत, आणि माणसं किचनमध्ये बायकोच्या वड्यांच्या खिडकीपाशी रांगेत.

"नंदा, मीच त्यांची माणसं पळवते गं," ती म्हणायची. मी हसण्यावारी न्यायचे. चुकलंच माझं.

यंदा भाऊजींना पार्किन्सन्सचं निदान झालं. उजवा हात थरथरतो. "ही शेवटची तनी," त्यांनी घरी सांगून टाकलं. मग सुप्रभानं मनाशी पक्कं केलं, एकदा तरी त्यांच्यासमोर भरलेला हॉल पाहिजे. खिडकी लावून तिच्यावर कागद चिकटवला: तनी संपेपर्यंत काही मिळणार नाही. आम्ही दोघी एप्रन काढून हॉलच्या दारात जाऊन उभ्या राहणार होतो.

कसलं काय! मृदंगावर पहिली थाप पडली आणि लोक नेहमीसारखे उठलेच. कागद वाचला, आणि खिडकी ठोठावायला लागले. सेक्रेटरी चंद्रशेखर धावत आला. "सुप्रभा, प्लीज! किचन आठला रिकामं करून द्यायचंय. पीपल आर वेटिंग." ती हलली नाही. तेवढ्यात ऐंशीच्या एक आजी भिंतीला टेकल्या. शुगर उतरली म्हणाल्या.

"त्यांना बिस्किट दे आणि लाव खिडकी!" मी ओरडले.

बिस्किट द्यायला खिडकी उघडली, आणि एकदम दहा प्लेटा आत आल्या. काय करणार होती ती? मेला तो एक्झॉस्ट फॅन घरघरायला लागला, वडे तेलात पडले, आणि हॉलमधलं काही म्हणजे काही ऐकू येईना. तळताना तिचे डोळे सारखे दाराकडे जात होते. मला इतकी चीड आली त्या लोकांची! पण त्यांना तरी काय कळणार?

कार्यक्रम संपला. शाली-बिली घेऊन भाऊजी किचनमध्ये आले.

"छान झालं हो आज," सुप्रभा म्हणाली. बिचारी, दुसरं काय म्हणणार!

भाऊजी म्हणाले, "अगं, तनी वाजवली कुठे मी? मिनिटभरात हात आखडला. हलेचना. गाणारीनं लगेच ओळ उचलली, सांभाळून घेतलं."

सुप्रभानं त्यांचा उजवा हात धरला, तर तो तिच्याही हातात थरथरत होता.

"कुणाला पत्तासुद्धा लागला नाही," ते म्हणाले. "नशीब माझं, सगळे तुझे वडे खायला गेले होते. थँक यू, सुप्रभा."

इतक्या वर्षांत त्यांनी तिला थँक यू म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. तिनं खिडकीवरचा तो कागद ओढून काढला आणि एप्रनच्या खिशात कोंबला.