गायरानातली तितरवाली

तितरवाली तोंडानं तितर बोलवायची. बांधावर उकिडवी बसून ती अशी साद घालायची की कालव्याकडच्या झुडपातला खरा तितर उत्तर द्यायचा. ती जातीनं फासेपारधी. इंदापूर तालुक्यातल्या आमच्या गावाला तिच्याविषयी एवढी माहिती पुरेशी वाटायची.

गावात कुणाची शेळी किंवा विहिरीवरची मोटार चोरीला गेली, की तितरवाली पोलिसांच्या आधी त्या घरच्या दारात हजर. "घ्या माझी झडती," म्हणायची. "तुमचा जीव एकदाचा थंड हुं द्या, मग खरा चोर हुडका." बायका तोंडाला पदर लावून हसायच्या, आणि तरीही तिच्या झोपडीत डोकवायला माणूस धाडायच्या. हीच बाई आमच्या मक्याची राखण करायची. एखादं कणीस हवं असलं तर विचारून घ्यायची.

गायरानाच्या कडेला तिनं आणि नवऱ्यानं दगड वेचून दोन एकर माळ मोकळा केला होता. बाजरी केली, चार लिंबं लावली. पहिली बाजरी सुपात घेऊन ती आमच्या ओट्याशी आली. "तात्या, फिरत ऱ्हायलो तर समदे चोर म्हंत्यात. आता पेरलंय. आता शेजारी म्हणावं लागंल." मी हसलो आणि बाजरी ठेवून घेतली.

पुढं कालव्याचं पाणी त्या अंगाला फिरलं आणि माळाला किंमत आली. तहसील कचेरीत तिचे खेटे चालूच होते. जमीन तिच्या नावावर व्हायच्या बेतात होती. मग पारावर बोलणी सुरू झाली. आज दोन एकर दिले, तर उद्या पारध्यांची सगळी पालं इथंच येऊन पडतील. सगळ्यांत मोठ्यानं बोलायचा तो माझा पुतण्या. मी ऐकून घेत असे.

चैत्रातल्या एका भर दुपारी, ती कचेरीत गेलेली असताना, सात-आठ जण गायरानात शिरले. तिच्या लेकीला मारून पिटाळलं, लिंबं उपटली आणि झोपडी पेटवली. पायानं अधू असलेला नवरा आत झोपला होता. तो भाजला आणि पुढं पुण्याच्या दवाखान्यात वारला. मी माझ्या बांधावरून सगळं पाहिलं. पुतण्याच्या हातातला डिझेलचा कॅनही पाहिला.

संध्याकाळी पोलीस आले, तेव्हा गावानं एकच सांगितलं. ऊस तुटल्यावर तात्यांनी रानातलं पाचट पेटवलं, वाऱ्यानं ठिणगी गेली. तोडणीनंतर उरलेला हा वाळला पाला जाळणं आमच्याकडं नेहमीचंच, कुणालाही पटावं असं. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान डोलावली. लेकीचा जबाब कुणी घेतलाच नाही.

तितरवाली रडत नव्हती. हळूच म्हणाली, "तात्या, तुमचं पाचट तर अजून रानातच हाय. मीच न्हाय का सरीत दाबलं?"

खरं होतं. त्या वर्षी पाचट न जाळता कुजवायचं मी ठरवलं होतं, आणि ते सरीत लावायला मजुरीनं तीच आली होती. साहेब म्हणाले, अंधार पडतोय, जागा उद्या बघू.

दिवस उगवायच्या आत मी रानाला काडी लावली. पुतण्यानं लावायला सांगितली, अशी मी पुष्कळ वर्षं स्वतःची समजूत घातली. पण काडी माझ्या हातात होती. सकाळी साहेबांना काळं रान दिसलं. अपघात म्हणून प्रकरण मिटलं.

ती लेकीला घेऊन बारामतीला गेली, मार्केट यार्डात धान्य पाखडायला लागली. एकदा तिथं समोरासमोर गाठ पडली. मी वळून जाणार, तेवढ्यात तिनं हाक मारली. नवऱ्याचं नाही, जमिनीचं नाही. "तात्या, खोडवा कसा आला?" एवढंच विचारलं. पाचटाबरोबर उसाची बुडखीही भाजली होती. त्यांतून पुन्हा येणारा ऊस, म्हणजे खोडवा, फुटलाच नव्हता. "बरा आला," मी म्हणालो. ती पुन्हा सूप हलवू लागली.

यंदा ती वारल्याचं कळलं. मी लेकीकडं गेलो. तिनं बसा म्हटलं नाही. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, पुतण्याच्या नावासकट. तिनं ऐकून घेतलं. "मला हितं सांगून काय उपेग? माझ्या बाला गावात जाळलं. गावात बोला." त्या दोन एकरांसाठी तिनं पुन्हा अर्ज केला होता. तिथं आता पुतण्याचा ऊस उभा आहे.

ग्रामसभेत अर्ज निघाला. लेक दारात उभी होती; आत ये असं कुणी म्हटलं नाही. कुणीतरी बोललं, ते लोक आग लागल्यावर आपणहून निघून गेले, आता हक्क कसला. मी उठलो. पुढच्याच सतरंजीवर बसलेला पुतण्या मागं वळला.

"तात्या, तब्येत बरी न्हाय तुमची. बसा खाली."

"झोपडी आधी पेटली," मी म्हणालो. "तू पेटवलीस. पाचट मी दुसऱ्या दिवशी जाळलं."