मानेकडे सरकलेला पट्टा

हरणं शिंपी मास्तरांच्या रक्तातच नव्हतं. पत्त्यांत हरू लागले की डाव मोडून मोकळे व्हायचे, आणि कापड कमी पडलं तर काखेत असा जोड लपवायचे की कोट विरेपर्यंत गिऱ्हाइकाला पत्ता लागायचा नाही. दुकानात कापायची कात्री फक्त त्यांची. धाकटा भाऊ दिवसभर शिलाया मारायचा, पण कात्रीला बोट लावायची त्याची टाप नव्हती.

मग एका सकाळी माप घेता घेता मास्तरांचं तोंड वाकडं झालं आणि उजवा हात लुळा पडला. जीव वाचला, हात गेल्यात जमा. भाऊ म्हणाला, "दादा, तोवर कापायला माणूस ठेवतो. हात आला की कात्री तुझी." मास्तरांनी ते मनात धरून ठेवलं.

दवाखान्याच्या मागच्या खोलीत नवी यंत्रणा आली होती. डोळ्यांवर जाड चष्मा चढवला की समोर फळबाग उभी राहायची. मनगटाला एक सेन्सर, खांद्याला पट्ट्यानं बांधलेला दुसरा. हात उचलून फळापर्यंत न्यायचा, की फळ टोपलीत. पण हात खांद्याच्या झटक्यानं फेकला, तर खांद्याचा सेन्सर किंचाळायचा आणि फळ मातीत. व्यायाम घेणारी मुलगी पुन्हा पुन्हा सांगायची, "काका, खांदा नाही, हात. हळू आला तरी चालेल."

हळू! शेजारच्या खुर्चीवरचा म्हातारा पोस्टमन टोपल्या भरत होता आणि मास्तरांची फळं मातीत लोळत होती. त्यांच्या अंगाची लाही लाही व्हायची.

हात उचलला की कोटाची कुठली जागा वर येते आणि कुठली जागची हलत नाही, हे शिंप्याला शिकवावं लागत नाही. पट्टे बांधायचं काम बायकोकडे होतं. मास्तर तिला म्हणाले, "जरा मानेकडे बांध गं. खांद्यावर काचतो." तिनं बिचारीनं बांधला. सेन्सर गप्प झाला.

मग काय, फळंच फळं! पोस्टमनला मास्तरांनी पार धुऊन काढलं. मुलीला एकटीला साऱ्या खुर्च्या सांभाळायच्या होत्या, ती पडद्यावरची वर चढणारी रेघ बघून टाळ्या पिटायची. शेवटी 'हात कामाला योग्य' असा कागद मिळाला आणि मास्तरांची खुर्ची दुसऱ्या कुणाला गेली. बायकोनं तो कागद गल्लीभर मिरवला.

भावानं शब्द पाळला. पाळला नसता तर बरं झालं असतं! ठेवलेल्या माणसाला निरोप दिला, कात्री पुसून दादाच्या हातात दिली आणि समोर एका नवरदेवाच्या सुटाचं कापड अंथरलं. खडूची रेघ सरळ होती. मास्तरांनी कात्री लावली, पण हात पुढे सरकेना. अंगवळणी पडलेला खांद्याचा झटका आपोआप बसला आणि कात्री रेघ सोडून पाठीच्या मधोमध घुसली. तिथं जोड लपत नाही.

"मशीन म्हणतं हात बरा झालाय," भाऊ म्हणाला. "मग हे काय? कामात मन नसेल तर तसं सांग की."

खरं सांगावं तर लबाड, न सांगावं तर कामचोर. मास्तरांनी मान खाली घातली.

"भावोजी, त्यांना अजून बरं नाही हो," बायको म्हणाली.

"वहिनी, कागद तर तुम्हीच मिरवत होता."

तिनं नवऱ्याच्या पडलेल्या मानेकडे पाहिलं आणि आपण पट्टा कुठं बांधत होतो ते तिला एकदम कळलं.

ती त्यांना पुन्हा त्या खोलीत घेऊन गेली. मुलीनं पट्टा जागेवर बांधला आणि सेन्सर किंचाळतच राहिला. मुलगी चिडली असती तरी परवडलं असतं. ती हळूच म्हणाली, "काका, सुरुवातीचे महिने महत्त्वाचे असतात हो. आता हात येईल तेवढाच येईल."

ठेवलेला माणूस परत आला. कात्री आता त्याची. मास्तर दुकानात बसतात, गिऱ्हाइकाला पाणी विचारतात. भाऊ त्यांच्याशी कामापुरतं बोलतो, म्हणजे बोलतच नाही.

रोज सकाळी बायको त्यांना शर्ट चढवते. त्यांनीच कधीकाळी कापलेला, काखेत जोड असलेला. बाही पुढे धरून ती म्हणते, "हात वर करा." मास्तरांचा खांदा ताडकन उचलला जातो.

"खांदा नाही हो," ती म्हणते, "हात."

आणि बाही धरून थांबून राहते.