शेषेरावांचा आग्रह

लोहा तालुक्यातल्या गावांत शेषेराव प्रसिद्ध होते ते आग्रहासाठी. बुंदीची बादली त्यांच्या हाती दिसली की पंगतीच्या पोटात गोळा यायचा. कुणी पत्रावळीवर आडवा हात धरला, तर हे बोटांच्या फटीतून बुंदी सोडायचे आणि वर खदखदा हसायचे. यालाच ते प्रेम म्हणत.

लेकीचं, सुकन्याचं लग्न ठरलं. पहिलं आवतण सरजाबाई आत्याला. आई गेल्यावर तिनेच शेषेरावांना वाढवलं होतं. पण आत्या म्हणाली, "अक्षदा टाकून घरी येते. जेवायला न्हाई बसणार."

"का गं? माझं काय चुकलं?"

"मला शुगर हाय. आपल्या भावकीतल्या हरिओमच्या लग्नात तीनदा न्हाई म्हणले, तू बुंदी वाढतच गेलास. पानात टाकू वाटंना, म्हणून खाल्ले. मग दोन दिवस सलाईन."

"मला सांगायचं की आत्या!"

"सांगितलंच की रे. तू हसतच राहिलास."

शेषेरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी येऊन त्यांनी हात आवरायचा सराव सुरू केला. जेवायला आलेल्या पाहुण्याच्या पहिल्याच 'नको'ला वाढायचा डाव मागे घेतला, तर तो लाजाळू निघाला आणि बिचारा अर्धपोटी उठला. बायको सिंधू हसून बेजार झाली. "आवो, हात आखडून काय व्हतंय? माणसाला विचारावं, मग त्याच्या तोंडाकडं बघावं!"

लग्नाच्या दिवशी अक्षदा पडल्या आणि आत्या चपला शोधू लागली. आता बस म्हणून आग्रह करायचीही सोय नव्हती. शेषेराव एवढंच म्हणाले, "तुझ्या मनानं बस आत्या. पानात काय पडंल ते तू सांगशील."

आत्याने त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि पंगतीत बसली. शेषेराव रिकाम्या हातांनी तिच्यापुढे उकिडवे बसले. "काय आणू?"

"आचाऱ्यांनी सोतासाठी भाकऱ्या थापल्या असतील. चतकोर आण, वांग्याच्या भाजीसंगं."

सवयीने त्यांनी दोन भाकऱ्या उचलल्या, जीभ चावली, आणि मोडून चतकोरच नेली. तिकडून कुणी ओरडत होतं, "बुंदी कुठं गेली?" शेषेराव हलले नाहीत. आत्याने वांग्याच्या भाजीशी भाकरी चवीने संपवली आणि बोटं चाटत म्हणाली, "अजून चतकोर आण की रे."

जन्मभर वाढूनही कुणी त्यांच्याकडून असं मागून घेतलं नव्हतं. डोळे पुसायलाही न थांबता नवरीचा बाप भर मांडवातून आचाऱ्यांकडे पळाला.