भाच्याचा जामीनदार

दिवाळी सरली की पाथर्डीच्या पूर्वेकडची गावं ओस पडतात. टोळ्या ऊसतोडीला निघून जातात, मागं म्हातारी माणसं आणि शेरडं उरतात. कारभारी कधी तोडीला गेला नाही. बापानं ठेवलेल्या जमिनीत बाजरी आणि तूर घ्यायची, दोन म्हशींचं दूध डेअरीला घालायचं, यावर त्याचं भागत होतं. कुणाच्या म्हाताऱ्याला दवाखान्यात न्यायचं असलं की लोक त्याच्याच दारात यायचे, आणि त्याला नाही म्हणणं कधी जमलं नाही.

एका सकाळी धाकटी बहीण साळूबाई रडतच वस्तीवर आली. तोडीसाठी आगाऊ घेतलेल्या उचलीवरून तिच्या मुलाचं, वाल्मिकचं, मुकादमाच्या भावाशी भांडण झालं होतं. रागाच्या भरात त्यानं त्याच्या डोक्यात काठी घातली. माणूस वाचला, पण वाल्मिक आत गेला.

"कोर्टानं जामीन दिलाय, दादा," ती म्हणाली, "पन सोडवायला मानूस लागतोय. तू चल."

पाथर्डीच्या वकिलानं दोघांना समोर बसवून समजावलं. जामीन मंजूर झाला म्हणून माणूस लगेच सुटत नाही. एक तर ठरलेली रक्कम रोख कोर्टात भरायची. आरोपी प्रत्येक तारखेला आला तर खटला संपल्यावर ती परत मिळते. नाही तर जामीनदार द्यायचा. त्यानं सातबारा आणि ऐपतीचा दाखला घेऊन कोर्टापुढं यायचं आणि याला हजर करायची जबाबदारी माझी, असं लिहून द्यायचं. एक बैलजोडी सोडली तर साळूबाईच्या गाठीला काही नव्हतं आणि जमीनवाले पाव्हणे सगळे कारखान्यावर.

"त्यो आला न्हाई तर तुमच्याकडनं वसूल करत्यात," घरी आल्यावर कारभारीची बायको रंगुबाई म्हणाली. "जमिनीवर यील आवो."

"सख्खा भाचा हाय. यील कसा न्हाई?"

याला तारखेला हजर कराल का, असं न्यायाधीशांनीही विचारलं. कारभारी म्हणाला, "आनीन साहेब," आणि सही केली. तुरुंगाबाहेर येताच वाल्मिक मामाच्या पाया पडला.

पहिल्या तारखा त्यानं चुकवल्या नाहीत. मग तो बायकोला, सुकन्याला, घेऊन दुसऱ्या टोळीत गेला आणि यायचा थांबला. फोनवर 'पुढच्या येळंला नक्की' म्हणायचा, नंतर फोनही लागेना. कोर्टानं त्याच्या नावानं वॉरंट काढलं आणि कारभारीला नोटीस आली. लिहून दिलेली रक्कम तुमच्याकडून का वसूल करू नये?

"त्याला आणलंत तर साहेब तुम्हाला सूट देतील," वकील म्हणाला. "आपण होऊन आला तर वॉरंटही रद्द होऊ शकतं."

कारभारी एसटीनं निघाला. विचारत विचारत गोदावरीकाठच्या एका उसाच्या फडात त्याला वाल्मिक सापडला. मामाला बघून त्याच्या हातातली मोळी खाली पडली. सुकन्या अवघडलेली होती, तरी पाचट गोळा करत होती. तिनं कोपीत, त्यांच्या पाचटाच्या झोपडीत, नेऊन भाकरी वाढली.

"खाडा पडला की मुकादम पैसं कापतो, मामा," वाल्मिक म्हणाला. "आन् आता आलो तर आत टाकतील."

"वकील म्हनला, आपून होऊन गेलं की वॉरंट रद्द होतंय."

वकिलानं 'होऊ शकतं' म्हटलं होतं. कारभारीनं तेवढंच गाळलं.

"मामा, ह्यांना परत लावून द्याल ना?" सुकन्यानं विचारलं.

"देतो की," तो म्हणाला आणि घास गिळायला त्यानं पाण्याचा तांब्या उचलला.

कोर्टात साळूबाई दाराशी उभी होती. न्यायाधीशांनी वाल्मिकची कानउघाडणी केली. जुना जामीन संपला, आता नवा जामीनदार द्या, म्हणाले. मग कारभारीकडं वळून विचारलं, "तुम्ही पुन्हा राहता का?"

वाल्मिक मामाकडं बघत होता. कारभारीला वस्ती दिसली, म्हशी दिसल्या, रंगुबाईचा चेहरा दिसला.

"न्हाई, साहेब."

पोलिसानं वाल्मिकच्या दंडाला धरलं. साळूबाई म्हणाली, "दादा, आरं तूच आनलास की त्याला."

कारभारीवरची वसुली कोर्टानं थोडक्यावर सोडली. वाल्मिक मात्र आत राहिला. सुकन्याला माहेरी मुलगी झाली, तेव्हाही तो आतच होता. कारभारी तुरुंगावर भेटायला गेला. आत निरोप गेला, आणि भेटायचं नाही असं उत्तर आलं. अखेर साळूबाईनं बैलजोडी घोडेगावच्या बाजारात विकली आणि रोख भरून पोराला सोडवलं. हे कारभारीला दुसऱ्यांकडून कळलं.

मग तो तिच्या घरी गेला. वाल्मिक मागच्या दारानं निघून गेला. गोठा झाडून ठेवलेला होता, दावणीला काही नव्हतं. साळूबाईनं घोंगडी टाकली, पाणी दिलं.

"बसा," ती म्हणाली.

जन्मभर अरे-तुरे करणारी बहीण. कारभारी बसला. पाणी पिऊन झाल्यावर त्यानं बाळाचं नाव विचारलं.

"संस्कृती," साळूबाई म्हणाली आणि चुलीकडं वळली.